ॲसिडचा कॅन उघडण्याआधी

वैनगंगेवरच्या गोसीखुर्दच्या धरणाला ३३ दरवाजे आहेत. पावसाळ्यात ते उघडले की बघायला गर्दी लोटते, आणि उरलेल्या वर्षात लोक येतात ते उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यातले वाघ बघायला. या येण्याजाण्याच्या पट्ट्यात वावरात दोन-चार खोल्या बांधून पाहुणे उतरवायचे म्हटलं की स्विमिंग टँक आलाच. मोठी हॉटेलं टाइल लावतात. स्वतःच्या खिशातून बांधणारा माणूस पांढरं सिमेंट आणि मार्बल पावडरचा गिलावा घोटून घेतो. तो स्वस्त पडतो आणि नवा असताना दिसतोही सुरेख. पहिला उन्हाळा झकास जातो. दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत पायऱ्यांवर तपकिरी पट्टे उमटतात, कोपऱ्यात काळे ठिपके येतात, पाण्याच्या रेषेवर पांढरी खरखर बसते. मालक गवंड्याला फोन लावतो आणि गवंडी म्हणतो, ॲसिड मारू, साफ होऊन जाते.

साफ होतं, हे खोटं नाही. पण ॲसिड डाग धुऊन काढत नाही, डाग ज्याच्यावर बसलाय तो गिलावाच वरून खाऊन टाकतं. सिमेंटमधला चुना विरघळतो, घोटून गुळगुळीत केलेला थर जातो आणि खालचा खरबरीत भाग उघडा पडतो. खरबरीत भागावर पुढचा डाग लवकर बसतो आणि खोल बसतो. असं दोन-तीनदा झालं की पाय टेकवला तरी मार्बलचे कण टोचू लागतात, आणि मग सगळा गिलावा नव्याने करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. म्हणून ॲसिडचा नंबर सगळ्यात शेवटी. आधी डाग कशाचा आहे ते ठरवायचं. त्याला अर्धा तास लागतो आणि लागणाऱ्या वस्तू मेडिकल आणि किराणा दुकानात मिळतात.

डाग ओळखायचा कसा

दोन जुने मोजे घ्या. एकात मेडिकलमधून आणलेली व्हिटॅमिन सीची पूड भरा, म्हणजे ॲस्कॉर्बिक ॲसिड. पूड नसेल तर चघळायच्या गोळ्या कुटून घातल्या तरी चाचणीपुरतं भागतं. मोजा काठीला बांधून पाण्याखालच्या डागावर दाबून धरा आणि दोन-तीन मिनिटं हलवू नका. मोजा उचलल्यावर तिथे फिकट गोल उमटला असेल तर डाग धातूचा, आणि बहुतेक वेळा लोखंडाचा.

दुसऱ्या मोज्यात क्लोरीनचे दाणे घ्या आणि तोच प्रयोग दुसऱ्या डागावर करा. पहिल्या मोज्याच्या जागी नको, आणि पहिला मोजा ज्या बादलीत ठेवलाय त्या बादलीत तर हा अजिबात नको. क्लोरीनने डाग उडाला तर तो पानाफुलांचा किंवा शेवाळाचा. क्लोरीनचा मोजा गिलाव्यावर विसरून जाऊ नका, नाहीतर डागाऐवजी कायमचा पांढरा चट्टा राहतो.

दोन्हीने काही झालं नाही तर बोटाने चाचपून बघा. हाताला खरखर लागत असेल तर चुन्याचा थर आहे. डाग गोल, गंजाच्या रंगाचा, रुपयाएवढा असेल आणि कितीही घासला तरी त्याच जागी परत येत असेल तर तो पाण्यातून आलेलाच नाही. आतल्या सळईचं किंवा बांधणीच्या तारेचं टोक गिलाव्याच्या फार जवळ राहिलंय आणि ते आतून गंजतंय. त्यावर जगातली कुठलीही पावडर चालत नाही. छिन्नीने तेवढी जागा उकरायची, तारेचं टोक आत खोलवर कापायचं, पाण्याखाली चालणाऱ्या मसाल्याने भरायचं आणि वरून पांढऱ्या सिमेंटचा हात द्यायचा. ठिगळाचा रंग जुन्या गिलाव्याशी जुळत नाही. चालवून घ्या.

आणखी एक प्रकार डागासारखा दिसतो पण डाग नसतो. सावलीच्या बाजूला, जिथे पाणी फारसं फिरत नाही तिथे, काळपट हिरवे ठिपके येतात. नखाने खरवडले तर वरचा थर निघतो, पण आठवड्याने पुन्हा तिथेच उगवतो. हे काळं शेवाळ. गिलाव्याच्या बारीक छिद्रांत ते मूळ धरून बसतं आणि वर चिकट आवरण तयार करतं, त्यामुळे पाण्यातलं नुसतं क्लोरीन आतपर्यंत पोचत नाही. आधी स्टेनलेस स्टीलच्या ताठ ब्रशने आवरण फोडायचं, मग लगेच क्लोरीन वाढवायचं, आणि हे काही दिवस लागोपाठ करायचं. ब्रश स्टेनलेसचाच हवा. साध्या लोखंडी तारेचा ब्रश वापरला तर तुटलेल्या तारा तळाशी पडून गंजतात आणि एका रोगाचे दोन होतात. मुलींच्या केसातली पिन तळाशी राहिली तरी आठवड्याभरात तिचा हुबेहूब आकार तपकिरी रंगात उमटतो. रोज संध्याकाळी तळावर नजर टाकायची ती यासाठी.

बोअरच्या पाण्यातलं लोखंड

तपकिरी, चहाच्या रंगाचे, पायऱ्यांवर आणि उथळ भागात पसरलेले डाग बहुतेक वेळा बोअरच्या पाण्यातून येतात. जमिनीखाली हवा नसते, त्यामुळे तिथलं लोह पाण्यात विरघळलेलं असतं आणि पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं. वर आल्यावर हवा लागते, त्यात क्लोरीन पडतं आणि तेच लोह गंज होऊन बाहेर येतं. लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या वर लोह गेलं की कपड्यांवर आणि भांड्यांवर ते दिसायला लागतं. पांढऱ्या गिलाव्यावर तर लपायला जागाच नाही.

टँक भरण्याआधी एक पांढरी बादली बोअरच्या पाण्याने भरा, त्यात चमचाभर ब्लीचिंग पावडरची निवळी टाका आणि सकाळपर्यंत झाकून ठेवा. सकाळी पाणी पिवळसर-तपकिरी झालं किंवा तळाशी लालसर गाळ बसला तर तुमचं उत्तर मिळालं. हे पाणी थेट टँकमध्ये सोडायचं नाही. आधी वरच्या टाकीत उंचावरून शिंतोडे उडवत पडू द्यायचं, म्हणजे हवा लागते. एक रात्र निवळू द्यायचं आणि वरचं पाणी वाळूच्या फिल्टरमधून घ्यायचं. कटकटीचं काम आहे. डाग काढण्याच्या मानाने काहीच नाही.

एकदा भरलं की संपलं असंही नाही. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल टँक म्हणजे ४० हजार लिटर पाणी. पुढचे सगळे हिशेब मी याच आकाराला धरून देतो, तुमच्या टँकची लांबी-रुंदी-खोली मीटरमध्ये गुणून त्या प्रमाणात बदलून घ्या. विदर्भातल्या मे महिन्यात एका दिवसात एक सेंटिमीटर पाणी उडालं तर ३२० लिटर गेलं, आणि तेवढंच तुम्ही बोअरमधून भरलं. वर गेलेली वाफ शुद्ध पाण्याची. लोह, चुना, क्षार सगळं खालीच राहतं आणि प्रत्येक भरण्याबरोबर वाढत जातं. टँक पहिल्या वर्षी चांगला राहतो आणि दुसऱ्या वर्षी डागाळतो तो यामुळे.

आता उपाय. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेलं गाव. काळं पडलेलं पितळ चिंचेने घासतात, राखेने घासलं तर ओरखडे पडतात, हे तिथल्या कुठल्याही घरात सांगावं लागत नाही. चिंचेतलं आम्ल वरचा थर विरघळवतं आणि धातू तसाच राहतो. गिलाव्यावरच्या गंजाला ॲस्कॉर्बिक ॲसिड हेच करतं. गंजाचं लोह पुन्हा विरघळणाऱ्या रूपात येतं आणि पाण्यात उतरतं, गिलाव्याला मात्र जवळजवळ धक्का लागत नाही. टँक रिकामा करावा लागत नाही हा त्याहून मोठा फायदा.

पण क्रम पाळावा लागतो. आधी पाण्यातलं क्लोरीन जवळपास शून्यावर येऊ द्या, कारण क्लोरीन असेल तर ते आणि व्हिटॅमिन सी एकमेकांनाच संपवतात. ४० हजार लिटरमध्ये क्लोरीन १ पीपीएम असेल तर सुमारे १०० ग्रॅम पावडर नुसती त्यातच वाया जाते. क्लोरीन टाकणं थांबवा, उन्हाला त्याचं काम करू द्या. क्लोरीनच्या टीसीसीए गोळ्या वापरत असाल तर थोडे जास्त दिवस लागतील, कारण त्यातलं सायन्युरिक ॲसिड क्लोरीनला उन्हापासून वाचवतं. पीएच ७.२ च्या आसपास आणा. मग फिल्टर चालू ठेवून साधारण २५० ग्रॅम पावडर डागांच्या वर पसरवत टाका. तासाभरात फरक दिसायला हवा. अर्धवट गेलं तर तेवढीच आणखी टाका. ४० हजार लिटरला अर्धा किलोपर्यंत पुरते. अर्ध्या किलोनेही काहीच हललं नाही तर तुमचं निदान चुकलंय, आणखी पावडर ओतू नका.

डाग गेला म्हणजे लोह गेलं नाही. ते आता भिंतीवरून पाण्यात आलंय, आणि तुम्ही उत्साहाने क्लोरीनचा भडिमार केलात तर तासाभरात परत भिंतीवर बसेल. म्हणून त्याच दिवशी धातू बांधून ठेवणारं द्रव्य टाका. दुकानात सिक्वेस्टरंट म्हणून मागा, फॉस्फोनेट किंवा एचईडीपी हे त्यातलं मूळ द्रव्य. मात्रा डब्यावर लिहिलेली असते. त्यानंतर क्लोरीन हळूहळू, चार-पाच दिवसांत वाढवत न्या. दरम्यान पाण्यात क्लोरीन नसल्याने शेवाळ धरू शकतं, म्हणून तांबं नसलेलं शेवाळनाशक आधी टाकून ठेवा. सगळं निवळलं की फिल्टर बॅकवॉश करा आणि टँकमधलं चौथाई-तिहाई पाणी काढून कमी लोहाचं पाणी भरा. नाहीतर तेच लोह पुढच्या होळीला पुन्हा भेटेल.

हे काम जानेवारीत करावं. पाणी थंड असतं, शेवाळाची वाढ मंद असते, पाहुण्यांचा हंगाम अजून तापलेला नसतो. मे महिन्यात क्लोरीनशिवाय चार दिवस काढायला गेलात तर डागाऐवजी हिरवा टँक मिळेल.

साग, हिरडा आणि काळी शाई

सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतो, हा खेळ इकडच्या प्रत्येक पोराने खेळलेला असतो. टँकच्या काठावर सावलीसाठी साग ठेवायचा आणि पायरीवर लालसर तपकिरी डाग पडला की आश्चर्य करायचं, याला काय म्हणावं? पळसाची फुलं, मोहाचा सडा, पावसाच्या तोंडावर जांभळं. ज्या दिवशी पडतात त्याच दिवशी जाळीने काढली तर काही होत नाही. तळाशी कुजली तर रंग सोडतात. असा ताजा डाग क्लोरीनने जातो. रात्री क्लोरीन नेहमीपेक्षा वाढवायचं, नायलॉनच्या ब्रशने घासायचं आणि मोटर रात्रभर चालू ठेवायची. सकाळी मापून क्लोरीन खाली आल्याशिवाय कुणाला पाण्यात उतरू द्यायचं नाही.

खरी डोकेदुखी वेगळी आहे. हिरडा, बेहडा, बाभूळ यांच्या सालीत आणि फळांत टॅनिन असतं. टॅनिन आणि लोह एकत्र आले की काळा रंग तयार होतो. जुन्या काळी काळी शाई याच मेळातून करत. आता तुमच्या बोअरमध्ये लोह आहे आणि टँकवर झाड आहे, म्हणजे शाई करायचं सगळं साहित्य तुम्ही स्वतःच एका जागी आणून ठेवलंय. हे काळे-जांभळट डाग एकट्या क्लोरीनने जात नाहीत आणि व्हिटॅमिन सीने अर्धेच उजळतात. दोन पायऱ्या लागतात. आधी वर सांगितल्याप्रमाणे व्हिटॅमिन सीने लोह सोडवायचं. त्यानंतर काही दिवसांनी, क्लोरीन सावकाश वाढवत, उरलेला पानाचा रंग उडवायचा. दोन्ही एकाच दिवशी करायची घाई करू नका.

मार्बल पॉलिशवाले ऑक्झॅलिक ॲसिड वापरतात आणि ते गंजावर झटपट चालतं, म्हणून कुणीतरी तेही सुचवेल. ते पोटात गेलं तर विष आहे, आणि ज्या पाण्यात मुलं तोंड उघडं ठेवून उड्या मारतात तिथे मी ते वापरणार नाही. किराण्यात मिळणारं लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, त्यापेक्षा बरं. छोट्या डागावर मोज्यात घालून घासायला ते पुरतं.

मोरचूद, लाल औषध आणि इतर घरगुती घोटाळे

पाणी हिरवं झालं की मोरचूद टाका, हा सल्ला गावात कुणीही देतो. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, आणि त्याने शेवाळ मरतं हे खरंच आहे. पण तांबं पाण्यातून कुठे जात नाही. पीएच चढला की ते गिलाव्यावर बसतं, आधी निळसर-हिरवं, मग काळपट. आजोबांचे पांढरे केस पोहून आल्यावर हिरवट दिसायला लागले तर समजा की पाण्यात तांबं बरंच झालंय. या डागावर व्हिटॅमिन सी थोडंफार चालतं, लिंबूफूल जास्त. पीएच ७.० ते ७.२ मध्ये ठेवून, सिक्वेस्टरंट टाकून, लिंबूफुलाचा मोजा डागावर फिरवत राहावं लागतं. चिकाटीचं काम आहे, आणि मोरचूद बंद केल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

विहिरीत टाकायचं लाल औषध, पोटॅशियम परमँगनेट, टँकमध्ये टाकणारेही भेटतात. जांभळा रंग जातो आणि मागे मँगनीजचा तपकिरी-काळा थर राहतो. भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गला मँगनीजच्या खाणी आहेत. त्या बाजूला टँक बांधत असाल तर बोअरचं पाणी तपासताना लोहाबरोबर मँगनीजही तपासून घ्या. डाग बसलाच तर इलाज व्हिटॅमिन सीचाच.

ब्लीचिंग पावडर स्वस्त आहे आणि ग्रामपंचायतीपासून फार्महाऊसपर्यंत सगळीकडे चालते. तिच्यात क्लोरीन एक तृतीयांशाच्या आसपास, बाकी बहुतेक चुना. मुठीने फेकली की तो चुना तळाशी गोळे होऊन बसतो आणि पुढे भिंतीवर पांढरा थर धरतो. वापरायचीच असेल तर बादलीत कालवा, तासभर निवळू द्या, वरची निवळी टाका, खालचा रबडा टाकू नका.

पाण्याच्या रेषेवरची पांढरी खरखर हा चुन्याचाच खेळ. १९३६ साली विल्फ्रेड लँगेलियर या अमेरिकन अभियंत्याने एक निर्देशांक मांडला. पीएच, तापमान, चुना आणि क्षारता यांचा मेळ बघून पाणी चुना सोडेल की खाईल ते त्यावरून सांगता येतं. तो हिशेब रोज करायची गरज नाही. पीएच ७.२ ते ७.६, क्षारता ८० ते १२० पीपीएम, चुन्याचा जडपणा २०० ते ४०० पीपीएम, एवढं सांभाळलं तर बहुतेक वेळा पाणी दोन्हीकडून शांत राहतं. जडपणा २०० च्या खाली गेला तर पाणी गिलाव्यातलाच चुना खातं. चारशेच्या वर गेला आणि ऊन लागलं की चुना भिंतीवर बसतो. चाचणीच्या पट्ट्या किंवा थेंबांचा किट घेऊन ठेवा, थेंबांचा जास्त भरवशाचा. थर बसलाच असेल तर पाण्याची पातळी वीतभर खाली घ्या आणि पाय घासायच्या सच्छिद्र दगडाने ओलं ठेवून हलक्या हाताने घासा. व्हिनेगर लावून पाच मिनिटं थांबलात तर काम सोपं होतं.

धरणाचं पाणी टँकरने आणलं तर

बोअरला पाणी लागलं नाही की टँकर येतो आणि टँकर कालव्यावरून किंवा जलाशयातून भरलेला असतो. या पाण्याची कुंडली वेगळी. नागपूर शहराचं सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेला मिळते आणि ते सगळं गोसीखुर्दच्या जलाशयात येऊन थांबतं. या पाण्याविषयी तक्रारी आणि आंदोलनं वर्षानुवर्षं चालू आहेत. जलपर्णी फोफावते ती या पाण्यातल्या खताच्या अंशावरच, आणि जे जलपर्णीला पोसतं ते तुमच्या टँकमधल्या शेवाळालाही पोसतं. त्यात गाळही असतो.

असं पाणी आलं तर भरल्या दिवशीच तुरटी फिरवा, ४० हजार लिटरला अर्धा ते पाऊण किलो, बादलीत विरघळवून. थोडा वेळ मोटर चालवून ती पाण्यात मिसळू द्या, मग मोटर बंद ठेवून रात्रभर गाळ बसू द्या. सकाळी व्हॅक्यूमने तळाचा गाळ थेट बाहेर काढा, फिल्टरमधून फिरवू नका. तुरटीने पीएच आणि क्षारता खाली येते, ती मापून खाण्याच्या सोड्याने सुधारून घ्या. मग क्लोरीन भरपूर टाका आणि पाणी पारदर्शक झाल्याशिवाय आणि क्लोरीन टिकतंय हे दिसल्याशिवाय कुणालाही पोहायला सोडू नका. इथे प्रश्न डागापेक्षा पोटाचा आणि कानाचा आहे.

तरीही ॲसिड मारायचंच असेल

सगळं करून पाहिलं, डाग जात नाही आणि गिलावा अजून जाड आहे. ठीक, ॲसिड मारा. पण त्यासाठी टँक रिकामा करावा लागतो, आणि गोसीखुर्दच्या काठावर तोच सगळ्यात धोक्याचा भाग आहे.

४० हजार लिटर पाणी म्हणजे ४० टन वजन. ते आत असतं तोवर टँक जमिनीत दाबलेला राहतो. पावसाळ्यानंतर जलाशय भरलेला असतो आणि काठच्या शिवारात विहिरींचं पाणी वर आलेलं असतं. अशा वेळी टँक उपसला तर खालचं पाणी त्याला वर ढकलतं. तळ फुगतो, भेगा पडतात, कधी अख्खा सांगाडाच उचलला जातो. म्हणून उपसण्याआधी शेजारच्या विहिरीत दोर सोडून पातळी बघा. विहिरीतलं पाणी टँकच्या तळापेक्षा वर असेल तर टँक रिकामा करायचा नाही, मग गवंड्याची तारीख ठरलेली असली तरी. तळाला पाण्याचा दाब सोडणारी झडप बसवलेली असेल तर चांगलंच, पण ती चिखलाने बुजलेली नाही ना ते बघा. आणि मे महिन्यात, पारा ४५ च्या घरात असताना, रिकामा टँक उन्हात ठेवायचा नाही. गिलावा सुकून तडकतो. फेब्रुवारी बरा. सकाळी काम सुरू करून दुपारपर्यंत संपवायचं.

ॲसिड मारणारा माणूस बहुतेक वेळा रोजंदारीवर आलेला असतो, अनवाणी असतो आणि तोंडाला ओला रुमाल बांधलेला असतो. ओला रुमाल हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या वाफेला अडवत नाही. ही वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर न जाता टँकच्या खोल टोकाला साचते, नेमकी जिथे तो वाकून घासत असतो. त्याला गमबूट, रबरी हातमोजे, डोळ्यांचा बंद चष्मा आणि ॲसिडच्या वाफेसाठीचा मास्क द्या. खोल टोकाला पंखा लावून हवा बाहेर खेचत राहा. काठावर दुसरा माणूस पाण्याचा पाइप चालू ठेवून उभा हवा. हे सामान आणायचं नसेल तर कामच करवून घेऊ नका. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

सुरू करण्याआधी तळ साध्या पाण्याने दोनदा धुऊन घ्या. क्लोरीनचे दाणे किंवा ब्लीचिंगचा रबडा कुठे राहिला आणि त्यावर ॲसिड पडलं तर क्लोरीन वायू निघतो. तो जीव घेऊ शकतो. टीसीसीएच्या गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर एका डब्यात ठेवणंही तितकंच वाईट, ओल लागली तर आग लागू शकते.

मिश्रण करताना प्लास्टिकच्या बादलीत आधी पाणी, मग त्यात ॲसिड. उलटं कधीच नाही. गवंडी निम्मं पाणी निम्मं ॲसिड धरतात. तुम्ही एकास दहाने सुरू करा आणि एका कोपऱ्यात वीतभर जागेवर बघा. तेवढ्याने भागत असेल तर जास्त जाळायचं कशाला? भिंत आधी ओली करा, मग एकेक पट्टा वरून खाली, लावल्यावर फार तर अर्धा मिनिट थांबून ब्रश, आणि लगेच भरपूर पाणी. कोरड्या भिंतीवर ॲसिड टाकलं की ओघळ जिथे जिरतात तिथे कायमचे पट्टे उठतात.

खाली साचलेलं पाणी आम्लाचं आहे. त्यात धुण्याचा सोडा टाकत जा, फेस यायचा थांबेपर्यंत, आणि पट्टीवर पीएच सातच्या आसपास दिसला की मगच उपसा. तेही शोषखड्ड्यात. नाल्यात सोडलं तर ते शेजाऱ्याच्या धानाच्या बांधीतून नदीला जातं, आणि या नदीत जाळं टाकून पोट भरणारी ढिवरांची घरं काठावर आहेत. क्लोरीनचं पाणीसुद्धा दोन दिवस उन्हात उघडं ठेवून, क्लोरीन शून्य आहे हे बघूनच बाहेर काढावं.

भिंतीवरून हात फिरवल्यावर कण सुटून हातात येत असतील, किंवा काठीने ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर ॲसिडचा खर्चही करू नका. तो पैसा नव्या गिलाव्याला लावा. नवा गिलावा झाला की टँक एकदम, मध्ये न थांबता भरायचा. रात्री मोटर बंद पडली आणि अर्ध्यावर थांबलात तर त्या उंचीवर गोल रेघ उमटते आणि ती जात नाही. म्हणून वीज कधी जाते हे बघून, जनरेटर किंवा टँकर हाताशी ठेवून सुरुवात करा. पाइपाचं तोंड जुन्या पोत्यात गुंडाळून तळाशी ठेवा म्हणजे धार ओल्या गिलाव्यावर आपटत नाही. पहिले २८ दिवस सिमेंट मुरत असतं आणि चुना सोडत असतं. पीएच रोज चढतो, तो रोज मापून खाली आणायचा, आणि नायलॉनच्या ब्रशने सकाळ-संध्याकाळ भिंती झाडायच्या. लोखंडी शिडी याच दिवसांत लावायची घाई होते. ती स्टेनलेसची घ्या.